कराचीचा अस्पी आणि सांबऱ्याचे आकाश

सांबऱ्याच्या रस्त्याला लागले की बेळगावकराची मान आपोआप वर जाते. विमान दिसो वा न दिसो, एकदा आभाळाकडे बघून घ्यायचे ही आपली जुनी सवय. निपाणीहून सुट्टीला आलेली भाचरे तर पहिल्या दिवसापासूनच ‘सांबऱ्याला कधी न्यायचं?’ म्हणून पाठीस लागतात. गेल्या उन्हाळ्यात असाच त्यांना घेऊन गेलो होतो. धावपट्टीच्या कुंपणापासून दूर, एका बाभळीच्या सावलीत उभे असताना धाकट्या भाच्याने विचारले, ‘मामा, आपल्या माणसांपैकी लांबवर विमान पहिल्यांदा कुणी नेलं?’

माझ्या तोंडावर शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव आले होते. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर त्यांनी ‘मरुत्सखा’ उडविल्याची कथा आपण सर्वांनीच ऐकली आहे. पण त्या उड्डाणाचा भक्कम समकालीन पुरावा आजवर हाती आलेला नाही. तळपदे हे खटपटी, जिज्ञासू गृहस्थ होते याबद्दल आदर बाळगावा. परंतु पोराने सरळ प्रश्न विचारला असता त्याला दंतकथा सांगून गप्प बसवावे, हे मनाला पटेना. ‘सांगतो घरी गेल्यावर,’ असे म्हणून मी वेळ मारून नेली.

घरी येऊन पुस्तके चाळू लागलो आणि एका जुन्या शर्यतीपाशी येऊन थांबलो. तिच्यातील मुलगा सतरा वर्षांचा होता. तो मराठी नव्हता, पारशी होता. पण त्याचे गाव त्या वेळी आपल्याच इलाख्यात होते. आणि ज्या सांबऱ्याच्या कुंपणापाशी आम्ही उभे होतो त्या जागेशीही, एकतीस वर्षांनंतर, त्याचा संबंध यायचा होता. ती हकिकत येथे सांगतो.

एक इलाखा, दोन टोके

आज बेळगाव आणि कराची ही नावे एका वाक्यात घेतली तर लोक दचकतील. १९३० साली मात्र दोन्ही गावे मुंबई इलाख्यातच होती. सिंध प्रांत १९३६ च्या एप्रिलमध्ये वेगळा झाला. तोवर कराचीचा कारभारही मुंबईहूनच चाले. कराचीतील नावाजलेली नारायण जगन्नाथ हायस्कूल ही शाळा ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते नारायण जगन्नाथ वैद्य सिंधमधील शिक्षण खात्याचे अधिकारी होते. नोकरी-धंद्यानिमित्त गेलेली मराठी कुटुंबेही तेथे पुष्कळ होती.

या कराचीत अस्पी मेरवान इंजिनिअर हा मुलगा वाढला. जन्म डिसेंबर १९१२ चा. विमानाचे वेड त्याला लहानपणीच लागले आणि कराचीच्या फ्लाइंग क्लबने ते पुरे केले. मुंबई, दिल्ली, कराची येथे असे क्लब नुकतेच निघाले होते. मुंबईच्या क्लबात त्याच सुमारास जे. आर. डी. टाटा शिकले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना मिळालेल्या परवान्यावर क्रमांक होता १. भारतात दिला गेलेला तो पहिला वैमानिक परवाना.

१९२९ च्या नोव्हेंबरमध्ये आगाखान यांनी एक बक्षीस जाहीर केले. इंग्लंडहून हिंदुस्थानात किंवा हिंदुस्थानातून इंग्लंडला जो हिंदी वैमानिक एकट्याने, सुटल्यापासून एका महिन्याच्या आत पोहोचेल, त्या पहिल्या माणसाला ५०० पौंड. दिशा कोणतीही चालेल, मात्र सोबतीला कोणी असता कामा नये. गोऱ्या वैमानिकांच्या पराक्रमाच्या बातम्या रोज येत होत्या. ‘हिंदी माणसाला हे जमेल काय?’ हा प्रश्न त्या काळी केवळ खेळाचा नव्हता.

लाकूड, कापड आणि आठ प्लग

ज्या विमानावर ही शर्यत झाली ते म्हणजे डी हॅविलँड कंपनीचे ‘जिप्सी मॉथ’. एकावर एक असे दोन पंख असलेले, म्हणजे बायप्लेन. मॉथची पहिली आवृत्ती १९२५ साली उडाली. त्यानंतर फ्रँक हॅलफर्ड यांनी आखलेले ‘जिप्सी’ इंजिन तिला बसविले, आणि या चिमुकल्या विमानाने १९२८ ची इंग्लंडमधील किंग्ज कप शर्यत जिंकली. शर्यतीसाठी घडवलेले यंत्र हौशी माणसाला विकत घेता येऊ लागले ते तेव्हापासून. किंमत साधारण ६५० पौंड. म्हणजे आगाखानांचे बक्षीस विमानाच्या किमतीपेक्षाही कमी! पैशासाठी कोणी या फंदात पडत नव्हते हे यावरून कळावे.

सांगाडा लाकडाचा, त्यावर ताणून बसविलेले आणि रोगण दिलेले कापड. पंखांची रुंदी तीस फूट. पण ते मागे दुमडता येत, त्यामुळे मोटारीच्या शेडमध्येही विमान मावे. इंजिन चार सिलिंडरचे, शंभर घोड्यांच्या आतबाहेर शक्तीचे. वेग ताशी एकशेतीस-चाळीस किलोमीटर. समोरून जोराचा वारा आला तर खालची आगगाडीही पुढे निघून जाते की काय असे वाटावे! बसायच्या दोन्ही जागा उघड्या. ऊन, पाऊस, वाळू सगळे तोंडावर. रेडिओ नाही आणि चाकांना ब्रेकही नाहीत.

अशा विमानाने पाच हजार मैल जायचे म्हणजे त्यात फेरफार करणे भाग होते. वरच्या पंखाच्या मध्यभागी पेट्रोलची टाकी असे, पण तिच्यावर तीनशे मैलांच्या आसपासच मजल होई. म्हणून लांबच्या प्रवासाला निघणारे लोक पुढच्या बैठकीत जादा टाकी बसवून घेत आणि स्वतः मागच्या बैठकीत बसत. टाकी वाढली की वजन वाढे. वजन वाढले की उडायला लांब मैदान लागे. आणि वाटेतली मैदाने तर बहुधा आखूड. हा हिशेब ज्याचा त्याने करायचा. पेट्रोल डब्यांतून मिळे. ते मऊ कातड्याच्या तुकड्यातून गाळून टाकीत ओतायचे, कारण पाण्याचा एक थेंब किंवा वाळूचा कण आत गेला तर इंजिन समुद्रावर बंद पडायचे.

आणि या सगळ्यात जिवाची वस्तू म्हणजे स्पार्क प्लग. प्रत्येक सिलिंडरला दोन याप्रमाणे एकूण आठ. एका सिलिंडरचा एक प्लग गेला तर दुसऱ्यावर निभावता येई, पण बरेचसे काजळले की विमान जमिनीवरच. हे आठ प्लग वाचकांनी ध्यानात ठेवावेत; पुढे त्यांचे काम आहे.

ओळखीच्या नावांची वाट

कराचीहून निघाले की इराणच्या किनाऱ्याने जास्क, बुशायर, मग बसरा, बगदाद, वाळवंट ओलांडून कैरो, आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्याने पुढे जाऊन भूमध्य समुद्रापलीकडे इटली, फ्रान्स आणि शेवटी लंडनजवळचे क्रॉयडन. असा हा तेव्हाचा नेहमीचा मार्ग.

आपल्या भागातील वाचकांना यातली काही नावे परकी वाटणार नाहीत. बेळगाव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे घर. पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात महिनोन्‌महिने अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौजेने शरणागती पत्करल्यावर कित्येक जवान कैदेत गेले. बसरा, बगदाद ही नावे आपल्या खेड्यापाड्यांत भूगोलाच्या पुस्तकातून आलेली नाहीत; ती पोस्टाच्या पाकिटातून आणि घरी न परतलेल्या माणसांच्या आठवणींतून आली. १९३० साली त्याच वाळवंटावरून एक सतरा वर्षांचा पोरगा कापडाच्या पंखांवर एकटा जाणार होता.

तिघे निघाले

अस्पीने आधी एक तालीम केली. १९३० च्या मार्चमध्ये आर. एन. चावला आणि अस्पी या दोघांनी मिळून कराचीहून इंग्लंड गाठले. हिंदी वैमानिकांनी ही मजल मारण्याची ही पहिलीच वेळ. पण दोघे असल्याने आगाखानांच्या बक्षिसाशी त्याचा संबंध नव्हता. ते मिळवायचे तर परतीचा प्रवास एकट्याने करणे आले.

दुसरा स्पर्धक रावळपिंडीकडचा मनमोहनसिंग. त्याने आपल्या विमानाचे नाव ठेवले होते ‘मिस इंडिया’. इंग्लंडहून निघालेल्या या गड्याचे सुरुवातीचे प्रयत्न धुके आणि मोडतोड यांत फसले. तेव्हा एका इंग्रज संपादकाने कोटी केली की, नावच ‘मिस’ आहे म्हटल्यावर हिंदुस्थान चुकणारच! मनमोहनसिंगाने कोटीला उत्तर दिले ते कृतीने. तो पुन्हा निघाला आणि एकट्याने हिंदुस्थानात पोहोचून दाखविले. दुर्दैव एवढेच, की महिन्याची मुदत थोडक्यात उलटून गेली. पराक्रम पुरा झाला, बक्षीस मात्र हुकले.

तिसरे जेआरडी. ते ३ मे १९३० रोजी कराचीहून पश्चिमेकडे निघाले. अस्पी त्याआधीच, २५ एप्रिलला, क्रॉयडनहून पूर्वेकडे निघाला होता. एक येतो आहे, एक जातो आहे आणि बक्षीस एकच.

अबूकीरची भेट

इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबूकीर नावाचे ठिकाण आहे. तेथील विमानतळावर जेआरडी उतरले तेव्हा दुसरे एक जिप्सी मॉथ उभे असलेले त्यांना दिसले. ते अस्पीचे. ‘इथे काय करतोस?’ तर त्याचे स्पार्क प्लग निकामी झालेले, जवळ जादा प्लग नाहीत आणि ते येण्याची वाट पाहत तो अडकून पडलेला.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. जेआरडी त्या वेळी पंचवीस वर्षांचे. त्यांच्यापाशी जादा प्लग होते. प्रतिस्पर्धी अडकला आहे, त्याची अडचण आपण निर्माण केलेली नाही, शर्यतीच्या नियमात मदत करण्याचे बंधन नाही. ‘ईश्वर तुझे भले करो’ म्हणून पुढे निघून गेले असते तरी त्यांना कोणी नावे ठेवली नसती. ठेवणार कोण? साक्षीला वाळू आणि समुद्र.

जेआरडींनी प्लग काढून दिले. अस्पीनेही आपले तरंगण्याचे जाकीट त्यांच्या हाती ठेवले, कारण जेआरडींना अजून भूमध्य समुद्र ओलांडायचा होता. दोघे निरनिराळ्या दिशांना उडाले.

११ मे १९३० रोजी अस्पी कराचीला उतरला. जेआरडी इंग्लंडला पोहोचले तेव्हा त्यांना कळले की बक्षीस थोड्या फरकाने गेले आहे. जे प्लग त्यांनी दिले त्यांवरच ते गेले! या गोष्टीचा त्यांनी कधी खेद केला नाही. अस्पी जिंकला याचा आपल्याला आनंदच झाला, त्या विजयाने त्याला हवाई दलाची वाट सोपी झाली, असेच ते पुढे सांगत राहिले.

तो मे महिना

त्याच आठवड्यात याच मार्गावर आणखी एक जिप्सी मॉथ उडत होते. इंग्लंडची एमी जॉन्सन ५ मे रोजी क्रॉयडनहून ऑस्ट्रेलियाला निघाली आणि १० मे रोजी कराचीत उतरली. २४ मे रोजी ती डार्विनला पोहोचली आणि तिचे नाव जगभर झाले. तिच्यामागे अवघ्या एका दिवसाने त्याच गावी उतरलेला आपला सतरा वर्षांचा विजेता मात्र जगाच्या फारसा लक्षात राहिला नाही.

पण केवळ जगाला बोल लावून चालणार नाही. आपल्या लोकांचेही लक्ष आकाशाकडे नव्हते, आणि त्याला कारण होते. एमी जॉन्सन ज्या दिवशी निघाली त्याच ५ मेच्या पहाटे गांधीजींना अटक झाली. ८ मे रोजी सोलापुरात गोळीबार झाला आणि पुढे लष्करी कायदा पुकारला गेला. १२ मे रोजी शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. बेळगाव तर १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरलेले गाव. अशा दिवसांत विमानाच्या शर्यतीकडे कोण पाहणार? आणि तरीही मला वाटते की मिठागरावरचा स्वयंसेवक आणि वाळवंटावरचा तो पोरगा हे दोघे एकाच प्रश्नाला उत्तर देत होते. तुम्हांला हे जमणार नाही, असे सांगणाऱ्यांना दोघांनीही आपापल्या रीतीने उत्तर दिले.

पुढे काय झाले

जेआरडींनी शर्यत हरल्यावर दोन वर्षांनी टपालाचे विमान सुरू केले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे त्यांनी टपाल मुंबईच्या जुहू विमानतळावर आणले आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट ते बळ्ळारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. नकाशावर मुंबई-बळ्ळारी अशी सरळ रेघ ओढून पाहा. ती आपल्या पूर्वेच्या अंगाने, जतच्या बाजूने बागलकोटकडे उतरते. हवाई टपाल आपल्या उंबरठ्यावरून गेले म्हणायचे! त्या टपालसेवेतूनच पुढे एअर इंडिया उभी राहिली. जेआरडींना १९९२ मध्ये भारतरत्न मिळाले आणि १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये ते जिनिव्हात निवर्तले.

मनमोहनसिंग दुसऱ्या महायुद्धात लढले आणि मार्च १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रूम येथे जपानी हल्ल्यात मृत्यू पावले. ज्याला ‘हिंदुस्थान चुकणार’ म्हणून हसले, तो हिंदुस्थानपासून हजारो मैलांवर कायमचा राहिला.

अस्पी इंग्लंडमधील क्रॅनवेलच्या हवाई दल विद्यालयात गेला. १९३२ च्या ऑक्टोबरमध्ये भारतीय हवाई दल स्थापन झाले आणि १ एप्रिल १९३३ रोजी त्याची पहिली तुकडी उभी राहिली तीही कराचीजवळ, ड्रिग रोडला. विमाने तीच दुपंखी जातीची, ‘वापिटी’. अस्पी या तुकडीत आला, वायव्य सरहद्दीवर लढला आणि त्याला शौर्याचे डी.एफ.सी. पदक मिळाले. पुढे १९४७ साली फाळणी झाली. ज्या गावात तो वाढला, ज्या गावी विजेता म्हणून उतरला, ज्या गावी त्याच्या हवाई दलाचा जन्म झाला, ते कराची एका रात्रीत परदेश झाले.

रेघ दुसऱ्यांनी ओढायची आणि ती आपल्या अंगणातून जायची, याचा अर्थ सीमाभागातल्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ नंतर आपल्याकडे निदान घरे सोडावी लागली नाहीत. शाळा, कचेऱ्या आणि पाट्या बदलल्या. कराचीकडच्या असंख्य कुटुंबांचे तेवढेही उरले नाही. म्हणून अस्पीची गोष्ट वाचताना शर्यतीपेक्षा हे गाव हरवणेच मनात जास्त घर करून राहते.

सांबऱ्याहून सहा विमाने

सांबऱ्याची धावपट्टी १९४२ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, इंग्रजांच्या हवाई दलाने बांधली. स्वातंत्र्यानंतर ती आपल्या हवाई दलाकडे आली.

१ डिसेंबर १९६० रोजी एअर मार्शल अस्पी इंजिनिअर हवाई दलाचे प्रमुख झाले आणि एका वर्षातच गोव्याचा प्रश्न ऐरणीवर आला. १९५५ च्या सत्याग्रहात बेळगाव हे सत्याग्रहींचे मोठे ठाणे होते; तेव्हा सांडलेले रक्त आपल्या भागाने जवळून पाहिले होते. १९६१ च्या डिसेंबरात बेळगावात पुन्हा गर्दी झाली, ती लष्कराची. मेजर जनरल के. पी. कँडेथ यांची फौज येथूनच गोव्याकडे सरकली.

१८ डिसेंबरच्या सकाळी सांबऱ्याहून सतरा क्रमांकाच्या तुकडीची सहा ‘हंटर’ विमाने उडाली आणि बांबोळीचे पोर्तुगीज बिनतारी केंद्र त्यांनी निकामी केले. पुण्याहून निघालेल्या ‘कॅनबेरा’ विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. सांबरा ते बांबोळी हे हवाई अंतर शंभर किलोमीटरही नाही. अस्पीच्या मॉथला त्याला पाऊण तास लागला असता. हंटरला सहा-सात मिनिटे पुरत. त्या सकाळची आठवण आमची आत्या नेहमी सांगे. अंगणात शेणाचा सडा टाकताना डोक्यावरून असा आवाज गेला की हातातली बादलीच खाली पडली. ‘आभाळ फाटलं की काय म्हणून वर बघितलं, तर काहीच नाही. आवाज मागं राहिला आणि विमान गेलं सुद्धा!’ दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, गोवा मुक्त झाला.

या कथेचे एक टोक मात्र इतिहासानेच जुळवून ठेवले आहे. बाँब पडलेल्या दाबोळीच्या धावपट्टीवरून १८ च्या रात्री दोन पोर्तुगीज प्रवासी विमाने काळोखात कशीबशी निसटली. ती गेली कोठे? कराचीला. एकतीस वर्षांपूर्वी ज्या कराचीत एक मुलगा कापडी पंखांचे विमान घेऊन जिंकून उतरला होता, त्याच कराचीकडे त्याच्याच हवाई दलाला चुकवून ही विमाने पळाली. ही बातमी जेव्हा हवाई दलप्रमुखांच्या टेबलावर पोहोचली असेल तेव्हा त्यांच्या मनात काय आले असेल, याची कल्पना ज्याने त्याने करावी.

१९६४ च्या जुलैअखेर ते पदावरून निवृत्त झाले आणि १ मे २००२ रोजी त्यांचे निधन झाले.

भाच्याला हे सारे मी त्या सुट्टीतच सांगितले. माझी समजूत होती की हंटर विमानांच्या गोष्टीवर त्याचे डोळे चमकतील. पण तो अबूकीरपाशीच अडून बसला. ‘मामा, त्यांनी प्लग दिलेच नसते तर?’ मी म्हटले, ‘तर कदाचित बक्षीस त्यांना मिळालं असतं.’ पोराने थोडा विचार केला आणि म्हणाला, ‘पण मग तुम्ही ही गोष्ट आम्हाला सांगितली नसती.’

खरे आहे. सांबऱ्याच्या कुंपणापाशी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी पहिला कोण आला हे पाहत होतो. पोराने मात्र प्लग कोणी दिले हे लक्षात ठेवले.